टाळण्याजोगी आई

डॉक्टर शबनम पटवेगारांना वाईट बातमी सांगायची सवय होती. नवजात बाळांचे डोळे तपासण्यात त्यांची उमर गेली होती. पण आजची बातमी कशी सांगायची, हे त्यांना कुणी शिकवलेलं नव्हतं. त्यांनी दोनदा चष्मा पुसला, उगाचच टेबलावरचं पेन सरळ केलं आणि शेवटी संगणकाचा पडदा ज्ञानदाकडे वळवला.

"हे तुम्हीच वाचा," त्या म्हणाल्या.

ज्ञानदाने वाचलं. वर बाळाची ओळख होती, 'ज्ञानदा सुयश झांबरे यांचे बाळ', कारण अजून नाव ठेवलेलं नव्हतं. त्याखाली त्याच्या डोळ्यांना असलेले धोके. फार लवकर झालेला जन्म. एक किलोच्या आतलं वजन. दोन वेळा द्यावं लागलेलं रक्त. पहिल्या आठवड्यातला जंतुसंसर्ग. वजनाची रेंगाळलेली वाढ. हे सगळं तिला आता पाढ्यासारखं पाठ झालं होतं. या प्रत्येकापुढे एकच शेरा होता, 'टाळता येण्याजोगे नाही'. शेवटच्या ओळीपुढे मात्र शेरा होता, 'टाळता येण्याजोगे'. त्या ओळीत लिहिलं होतं, आईचा स्पर्श.

"हे चुकून आलंय ना, डॉक्टर?"

"मलाही तसंच वाटलं. म्हणून आठवडाभर तुम्हाला काही बोलले नाही. नुसती बघत राहिले."

आता ही भानगड समजायची तर डोळ्याच्या आत जरा डोकवावं लागेल. डोळ्याच्या मागच्या भिंतीवर जो पडदा असतो, त्याला रक्त पुरवणाऱ्या बारीक वाहिन्या आईच्या पोटात हळूहळू वाढतात. मधोमध सुरू होतात आणि कडेकडे सरकत जातात, पाटाचं पाणी एकेक वाफा भिजवत पुढे जातं तशा. शेवटच्या वाफ्यापर्यंत पोचायला पुरे नऊ महिने लागतात. मूल तीन महिने आधीच बाहेर आलं की पाट निम्म्यातच अडतो. पोटातल्यापेक्षा बाहेर प्राणवायू कितीतरी जास्त, त्यामुळे वाहिन्यांना वाटतं की आपलं काम झालं, आणि त्या वाढायच्या थांबतात. पुढे काही आठवड्यांनी कोरडा राहिलेला पडदा रक्तासाठी टाहो फोडतो. तेव्हा त्या पुन्हा उठतात, पण वेड्यावाकड्या, नको तिथे आणि फार नाजूक. त्या फुटतात, त्यांचे व्रण आकसतात आणि आकसताना अख्खा पडदाच भिंतीवरून सोलून काढतात. त्यानंतर त्या मुलाला कुणी दृष्टी देऊ शकत नाही.

बरं, प्राणवायू कमी करावा तर जीवावर बेततं. जास्त द्यावा तर डोळ्यांवर. आणि या दोन्हींपेक्षा वाईट म्हणजे त्याचं सारखं वरखाली होणं. इकडे आड, तिकडे विहीर, आणि मधल्या अरुंद बांधावरून किलोभराचं पोर चालवत न्यायचं. माणसाच्या हाताला ते जमत नव्हतं, म्हणून 'सांभाळ' आली.

सांभाळ ही काचपेटीच होती, पण शिकणारी. जुन्या पेट्या बाळाला नुसती ऊब देत. ही प्रत्येक क्षणाला बाळाच्या रक्तातला प्राणवायू बघे आणि हवेतला प्राणवायू तसतसा कमीजास्त करी. शिवाय प्रत्येक चढउताराच्या आधी काय घडलं होतं हे ती ध्यानात ठेवी. कूस बदलली होती का, दिवा लागला होता का, कुणी दार आपटलं होतं का. अशी ती एकेका बाळाची खोड ओळखून घेई, आणि जे टाळता येण्याजोगं असेल ते टाळायला सांगे. मिरजेच्या या दवाखान्यात ती आल्यापासून डोळा वाचवायला लेसर मारायची पाळी येणारी बाळं निम्म्याने कमी झाली होती. ती गुणाची होती यात शंका नाही, आणि अडचण नेमकी तिथेच होती.

"तुम्ही रोज सकाळी त्याला छातीशी धरता," डॉक्टर सांगत होत्या. "तुम्ही आलात की त्याचा प्राणवायू एकदम घसरतो. पेटी वाढवते, की तो वर उडतो. मग पुन्हा खाली. सिस्टर धरतात तेव्हा असं होत नाही. खरं तर उलट व्हायला हवं. आईच्या छातीशी बाळं शांत होतात, हा जगाचा अनुभव आहे."

"मग माझंच काय असं?"

"मला माहीत नाही. सांभाळला 'काय' ते कळतं. 'का' ते कळत नाही."

वाहिन्या पडद्याच्या कडेला पोचेपर्यंत, म्हणजे साधारण दोन महिने, ज्ञानदाने बाळाला हात लावायचा नाही, असा तो सल्ला होता. नाही म्हणायचा हक्क तिला होता, हेही डॉक्टरांनी सांगितलं.

"नाही म्हटलं, आणि उद्या त्याला दिसलंच नाही तर?"

डॉक्टरांनी संमतीचा पडदा तिच्यापुढे सरकवला. ज्ञानदाने पडद्यावर अंगठा टेकवला. बाहेर येताना तिने आपले दोन्ही हात ओढणीखाली का घेतले, हे तिचं तिलाही कळलं नाही.

दवाखान्याच्या मागच्या गल्लीत सासूने खोली घेतली होती. सासूला ती आत्या म्हणायची, तासगावकडे तशीच रीत आहे. सुमनआत्या नवरा लवकर गेल्यावर बेदाण्याच्या शेडवर काम करून एकटीने पोर वाढवलेली बाई. सून बाळंत झाल्याचं कळताच गाठोडं बांधून मिरजेला आली आणि तिने बाळंतिणीचं सगळं साग्रसंगीत सुरू केलं. डिंकाचे लाडू, बाळंतशोपा, आणि रोज सकाळी न्हाणं झालं की धुरी. शेगडीतल्या निखाऱ्यावर ओवा, वावडिंग, लसणाच्या साली आणि थोडा ऊद टाकायचा, बाजेवर ज्ञानदाला बसवायचं आणि केस मोकळे सोडून तो धूर अंगभर घ्यायला लावायचा. मग वेणी घालून तिला बाळाकडे धाडायचं. "कोरड्या अंगानं जा लेकराकडं," आत्या म्हणायच्या, आणि धुराने लाल झालेले डोळे पदराने पुसायच्या.

बातमी ऐकून आत्या आधी भडकल्या. "आईचा हात कुनाला बाधतो व्हय गं? त्या मशिनीला आई हाय का?" पण तो ताव फार टिकला नाही. थोड्या वेळाने त्या सावकाश म्हणाल्या, "पर डॉक्टरीन बाई शिकल्याली हाय. काय तरी आसंलच की. तू आपली लांबच ऱ्हा."

नवऱ्याने, सुयशने, तर फोनवर चर्चाच केली नाही. तो तमिळनाडूच्या किनाऱ्यापासून आत, भर समुद्रातल्या पवनचक्क्यांवर होता. "ज्ञानू, मी दोनशे फुटांवर लटकतो ते सेन्सरच्या भरवशावर," तो म्हणाला. "सेन्सर खाली उतर म्हणाला की मी उतरतो. विचारत बसत नाही." मागे वारा असा घोंघावत होता की ती रडत होती हे त्याला कळलंच नाही, आणि तिनेही ते सांगितलं नाही.

खोली सोडून ती दवाखान्यातल्या मातांच्या दालनात राहायला आली. तिथे शेगडी पेटवायला बंदी होती. आत्या तासगावला परतल्या, बेदाण्याचा हंगाम होता.

मग सुरू झाले ते काचेबाहेरचे दिवस. सकाळी उठायचं, दूध काढून बाटलीत द्यायचं आणि काचेशी जाऊन उभं राहायचं. बाकीच्या आया आत जायच्या, गाऊनची बटणं सोडून पोरांना छातीशी घ्यायच्या. ज्ञानदा काचेतून आपल्या पोराची पाठ बघायची. पाठच, कारण सांभाळला तो डाव्या कुशीवर बरा वाटायचा. दालनातल्या बाया वाईट नव्हत्या. पण तिच्यासमोर त्या बाळाच्या गोष्टी बोलायच्या थांबल्या, आणि त्यांच्याकडे दुसऱ्या गोष्टी नव्हत्याच. त्यामुळे ती जेवायला बसली की सगळीकडे शांतता पसरायची. तिला इतकं एकटं आयुष्यात कधी वाटलं नव्हतं. बाळ पोटात होतं तेव्हा ती एकटी नव्हती, आणि त्याच्याही आधी एकटेपण म्हणजे काय हे तिला ठाऊक नव्हतं.

सगळ्यात वाईट म्हणजे, तिला स्वतःचीच भीती वाटायला लागली. एकदा पाय घसरलेल्या एका म्हातारीला सावरायला ती पुढे झाली आणि हात अर्ध्यातच थांबले. म्हातारी आपली आपण सावरली, पण ज्ञानदा कितीतरी वेळ जिन्यात उभी होती.

बाळाच्या उजव्या डोळ्यात पहिली वेडी वाहिनी दिसली, ती याच सुमाराला. "आजाराची दुसरी पायरी आहे," डॉक्टर म्हणाल्या. "इथूनही ती आपोआप विरते बऱ्याचदा. पण आता चढउतार अजिबात परवडायचे नाहीत."

वॉर्डात सिस्टर रूथ सावर्डेकर म्हणून एक मोठ्या मनाची, मोठ्या आवाजाची बाई होती. एके दिवशी तिने ज्ञानदाकडे एक सुती फडका दिला. "हा उशाला घेऊन झोप आज. उद्या बाळाजवळ ठेवू. हात नाही तर नाही, वास तरी जाऊ दे की तुझा."

फडका आत गेला. ज्ञानदा काचेला नाक लावून पेटीवरची प्राणवायूची हिरवी रेघ बघत होती. रेघ हलली नाही. उलट दुपारभर ती अशी सपाट राहिली की सिस्टरने आतून अंगठा वर करून दाखवला. त्या दिवशी ज्ञानदा पहिल्यांदा पोटभर जेवली. तेव्हापासून रोज एक फडका आत जाऊ लागला.

मग रविवारी आत्या आल्या, भाकरी आणि वांग्याचं भरीत घेऊन. बरोबर बाळासाठी स्वतः शिवलेलं टोपडं होतं. सिस्टरने ते पेटीत पायाशी ठेवलं, आणि हिरवी रेघ धाडकन खाली आली. पेटीवर धोक्याचा पिवळा दिवा लागला. सिस्टरने टोपडं झटकन बाहेर काढलं, बाळाच्या तळव्याला टिचकी मारली, आणि रेघ अडखळत पुन्हा वर चढली.

आत्या नुकत्याच बसला निघून गेल्या होत्या. सिस्टरने टोपडं ज्ञानदाच्या हातात दिलं. तिने ते नाकाशी नेलं. ओवा, वावडिंग, लसणाच्या साली, ऊद. आत्यांनी टोपड्याला धुरी दिली होती, तान्ह्या पोराच्या कपड्याला द्यायचीच असते म्हणून.

तिच्या लक्षात आलं ते एवढंच, की रोज सकाळी ती बाळाकडे जायची तेव्हा एकटी जात नव्हती. धुवट गाऊन वरून घातलेला असे, पण केसांत, मानेच्या वळ्यांत धूर भरलेला असे, आणि बाळाचं नाक तिथेच टेकलेलं असे. वॉर्डात ते कुणाच्याच ध्यानात आलं नाही, कारण निम्म्या बाळंतिणींच्या अंगाला तोच वास येई. सिस्टरच्या आईच्या अंगाला आला होता, डॉक्टरांच्याही आईच्या. लहानपणापासून ज्याला आईचाच वास समजलं, त्याचा कोण कशाला संशय घेईल? बाकीची बाळं जरा मोठी होती, त्यांना सोसला असेल. आणि सांभाळला सगळं दिसत होतं, पण नाक नव्हतं. तिला फक्त आई आलेली दिसे.

ज्ञानदा धावतच डॉक्टरांकडे गेली. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि टोपड्याचा वास घेतला.

"तुमचं बरोबर असणार," त्या म्हणाल्या. "धुराने इतक्या लहान जिवाचा श्वास अडखळतो. हे आम्हाला सुचायला हवं होतं."

"मग त्या मशीनला सांगा ना. माझं नाव काढायला सांगा."

"सांगून ती ऐकत नाही, ज्ञानदा. ती जे घडतं त्यावरून शिकते. तुम्ही आत गेलात, आणि रेघ सपाट राहिली, असं चारपाच वेळा घडलं तर ती तुमचं नाव आपोआप काढेल. पण तिनेच तुम्हाला बाहेर ठेवलंय. तुम्ही आत जातच नाही, म्हणून तिला नवीन काही कळत नाही, म्हणून तुम्ही बाहेरच."

ज्ञानदाला हे लगेच समजलं. बाळंतपणाआधी ती तासगावला बेदाणे निवडायच्या यंत्रावर होती. पट्ट्यावरून बेदाणे धावायचे, कॅमेरा बघायचा, आणि डाग दिसला की हवेची फुंकर मारून तो बेदाणा बाहेर उडवायचा. बाहेर उडालेला बेदाणा गोड होता की नाही, हे यंत्राला कधीच कळत नसे. कारण तो कुणी खाऊनच बघत नसे.

"मी आत्ता न्हाऊन येते," ती म्हणाली. "साबणाने घासून. आणि त्याला घेते. तुम्ही रेघ बघा."

"या. मी अडवणार नाही. मला स्वतःला वाटतं की काही होणार नाही." डॉक्टरांनी टोपडं टेबलावर ठेवलं. "पण वाटणं म्हणजे खात्री नाही. फडक्यावरून तुमचा वास त्याला चालतो एवढं कळलं. हात, छाती, उचलणं हे वेगळं. आणि त्याच्या उजव्या डोळ्याची अवस्था आज नेमकी वाईट आहे. माझा अंदाज चुकला तर ती चूक तो जन्मभर भोगेल." मग त्या जरा खालच्या आवाजात म्हणाल्या, "दुसरं असं, की इथली सांभाळ जे शिकते ते बाकीच्या दवाखान्यांतल्या पेट्यांकडेही जातं. आता आणखी काही आयांना बाहेर थांबवायला लागल्यात त्या. तुम्ही करून पाहिलंत तर त्यांचंही… पण यासाठी तुम्ही करा, असं मी म्हणणार नाही. म्हणूच शकत नाही."

म्हणजे निर्दोष ठरायचं तर पोराचे डोळे पणाला लावायचे. ज्ञानदा न्हाणीघरात गेली. तिने केस तीनदा धुतले, नखं कापली, कातडी लाल होईस्तोवर अंग घासलं. धुवट गाऊन घालून ती वॉर्डाच्या दाराशी आली. सिस्टरने दार उघडून धरलं. आत पेटीत तिचं पोर डाव्या कुशीवर निजलं होतं, आणि त्याच्या पाठीचा मणका न् मणका मोजता येत होता.

तिने दाराच्या कडेला हात लावला, आणि मागे घेतला.

"नको सिस्टर," ती म्हणाली. "लावा दार."

"अगं, पण तुझा काही दोष नाही हे तुला माहीत आहे ना?"

"मला माहीत आहे तेवढं पुरे. त्याचे डोळे होऊ देत."

परत जाताना काचेबाहेर एक नवी पोरगी उभी होती, विशीतली, कालच बाळंत झालेली. तिला पेटीने पहिल्याच दिवशी थांबवलं होतं. तिने ज्ञानदाला विचारलं, "ताई, आपल्याला का हो आत सोडत नाहीत?" ज्ञानदाला उत्तर ठाऊक होतं, पण तिच्याकडे बघवेना. "डोळ्यांसाठी," एवढंच म्हणून ती पुढे गेली. यासाठी तिने स्वतःला कधी माफ केलं नाही.

बाळाचे डोळे वाचले. वेडी वाहिनी विरली, चांगल्या वाहिन्या कडेपर्यंत पोचल्या, लेसर लागला नाही. घरी सोडायच्या दिवशी डॉक्टरांनी बाळाला तिच्या हातात दिलं. त्याच्या पायाला अजून पेटीची वायर होती. ज्ञानदाने श्वास रोखून रेघेकडे पाहिलं. रेघ सरळ होती, पहिल्यापासून शेवटपर्यंत सरळ. पण पेटीने ते हिशेबात धरलं नाही. तिच्या लेखी बाळाची धोक्याची मुदत संपली होती आणि प्रश्न मिटला होता. बाळाने डोळे उघडून ज्ञानदाकडे नीट बघितलं, एखाद्या अनोळखी बाईकडे बघावं तसं, आणि तोंड वाकडं करून रडायला लागलं. सिस्टरने घेतल्यावर ते थांबलं. ज्ञानदाला त्याचा राग नाही आला, पण छातीत कळ उठली ती तासगाव येईपर्यंत गेली नाही.

घरी तर वेगळंच वाट बघत होतं. सांभाळने काय म्हटलं होतं हे गल्लीत सगळ्यांना ठाऊक झालं होतं, पण त्यातलं डोळे, प्राणवायू, चढउतार हे सगळं वाटेत गळून पडलं होतं. उरलं होतं ते एवढंच, की हिचा हात बाधतो. शेजारच्या लताकाकूंनी ती दिसताच आपली नात उचलून कडेवर घेतली. वर हसून म्हणाल्या, "राग मानू नगंस हां, मशिननंच सांगितलंय न्हवं." जुनी बाई अपशकुनाला पंचांगाचा आधार शोधे, नवीने मशीनचा शोधला.

आत्याही वागायच्या प्रेमाने, पण तशाच. पाजून झालं की हात पुढे करायच्या. "दे हिकडं. तुजं नगं जास्ती, त्येला सोसत न्हाई." ज्ञानदा द्यायची. एका वाक्यात तिला सुटता आलं असतं. पण धुराने डोळे लाल करून शेगडी फुंकणारी आत्या तिला दिसायची, आणि ते वाक्य ती गिळायची. दोन महिने काचेबाहेर काढले तसे आणखी काढू, असं तिने मनाशी ठरवून टाकलं होतं.

बारसं राहिलेलंच होतं. डॉक्टरांनी गर्दी करू नका म्हणून बजावलं होतं, त्यामुळे कुणालाच बोलावलं नव्हतं. सुयशकडे वादळ होतं, त्याचा फोन लागत नव्हता. घरात या दोघीच. आत्यांनी ज्ञानदाच्या साडीचा पाळणा बांधला, खाली गोधडी अंथरली, घुगऱ्या शिजवल्या. बाळाला डॉक्टरांनी त्या दिवसापासूनच पाण्याने न्हाऊ घालायची परवानगी दिली होती. आत्यांनी त्याला न्हाऊ घातलं, पंच्यात गुंडाळून ज्ञानदाच्या मांडीवर ठेवलं आणि परसात गेल्या. आल्या त्या हातात शेगडी घेऊन. निखारे लाल होते आणि दुसऱ्या मुठीत ओवा होता.

"आत्या, धुरी नको."

"आता गं? पयलं न्हानं त्येचं. सर्दी भरंल."

"नको, आत्या. त्याला धूर नको."

"तुला काय कळतंय? तुज्या नवऱ्याला मीच दिल्ती, झाला का न्हाई पैलवान?" आत्या शेगडी खाली ठेवत म्हणाल्या. मग, दुखवायचं म्हणून नव्हे, सहजच म्हणाल्या, "मशिननं तुजं नाव घेटलंतं बाई. माजं न्हाई."

मूठ निखाऱ्यावर उघडणार, एवढ्यात ज्ञानदाने त्यांचं मनगट धरलं. बाळ मांडीवर चुळबुळ करत होतं.

"तुमचंच घ्यायला हवं होतं, आत्या," ती म्हणाली. "त्याला माझा हात बाधत नव्हता. माझ्या अंगावरची धुरी बाधत होती. तुम्ही शिवलेल्या टोपड्यालाही धुरी होती, तेव्हा मी जवळ नव्हते, तरी त्याचा श्वास अडखळला."

बोलून झाल्यावर तिला वाटलं, हे आणखी हळू सांगता आलं असतं. पण हळू सांगायला वेळ नव्हता.

आत्यांनी मनगट सोडवून घेतलं. मग त्यांनी ओव्याची मूठ परत पुडीत सोडली, दाणा न् दाणा. तांब्या उचलून निखाऱ्यावर पाणी ओतलं आणि शेगडी परसात नेऊन ठेवली. परत आल्या त्या उंबऱ्याबाहेरच थांबल्या.

"म्हंजी तू दोन म्हैनं काचंभाईर बसलीस ती माज्यापायी."

"नक्की असं नाही म्हणता येत, आत्या. डॉक्टरही नक्की म्हणत नाहीत."

"नक्की नसतं तर तू माजा हात धरला नसतास."

ज्ञानदा बाळाला घेऊन उठली आणि पाळण्याच्या अलीकडे उभी राहिली. बारशाला बाळ पाळण्याखालून एका बाईने द्यायचं आणि पलीकडच्या बाईने घ्यायचं असतं. "चला आत्या," ती म्हणाली. "घ्या याला."

"माज्या लुगड्याला वास हाय."

"बदला. मी थांबते."

"केसांत आसंल."

"धुवा, मग या. मी सांगते काही होत नाही. आत्या, घेतल्याशिवाय कळणार कसं?"

आत्यांनी मान हलवली. त्या रागावल्या नव्हत्या. राग असता तर तो काढता आला असता. "त्येचं डोळं चांगलं हाईत," त्या म्हणाल्या. "ऱ्हाऊ देत. तू घे. तू घेटलंयसच कुटं आजून पोटभर." आणि त्या पायरीवर पाठ करून बसल्या.

ज्ञानदा थोडा वेळ बाळ पुढे धरून उभी राहिली. हात भरून आले. मग ती वाकली, बाळाला पाळण्याखालच्या गोधडीवर निजवलं आणि हलकेच पलीकडे सरकवलं. उठून पाळण्याला वळसा घालून दुसऱ्या बाजूला गेली, आणि तिथे वाकून त्याला स्वतःच उचलून घेतलं. रीत पाच वेळांची होती. तिने ती पाचही वेळा केली, द्यायला ती आणि घ्यायलाही तीच. बाळाला त्यात गंमत वाटली असावी. ते रडलं नाही. प्रत्येक वेळी तिचा चेहरा या बाजूने गेला की त्या बाजूने येतो का, ते बघत राहिलं.

मग तिने त्याला पाळण्यात ठेवलं आणि कानाशी वाकून नाव सांगितलं.

"काय ठिवलंस?" पायरीवरून आत्यांनी न वळता विचारलं.

"मिहिर."

"मिहिर," आत्यांनी एकदा म्हणून पाहिलं. मग आणखी एकदा, जरा मोठ्याने, बाळाला आत ऐकू जाईल असं. आत मात्र त्या आल्या नाहीत.